शेफिल्ड, फ्रायबेर्ग आणि आजोबांचं प्रॉपर्टी कार्ड

कॉलेजची ज्युनिअर मुलं विचारतात, "ताई, परदेशातल्या मास्टर्सच्या दोन ऑफर होत्या तर एक कशी निवडलीस?" त्यांना रँकिंगबद्दल ऐकायचं असतं. मी त्यांना बँकेतल्या खुर्चीबद्दल सांगते. कर्ज विभागासमोरची निळी, डावा हात मोडलेली. २०२३ च्या मे-जूनमध्ये त्या खुर्चीवर माझ्याइतकं कुणी बसलं नसेल.

मी मेकॅनिकलची. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत दोन वर्षं क्वालिटीला होते. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या धातूच्या भागाला, ब्लोहोल (आत अडकलेल्या वायूची छिद्रं) का पडतात यावर रोज भांडणं ऐकून मेटलर्जीत मास्टर्स करायचं डोक्यात बसलं. एक ऑफर ब्रिटनमधल्या शेफिल्डची: पोलादाचं गाव, एका वर्षाचा कोर्स, नंतर तेव्हाच्या नियमानं दोन वर्षं तिथं काम करायची मुभा. दुसरी जर्मनीतल्या फ्रायबेर्गची. १७६५ साली खाणकामासाठी निघालेलं विद्यापीठ, जर्मेनियम तिथंच १८८६ मध्ये सापडलं, आणि कास्टिंगवर काम करणारी वेगळी संस्था. कोर्स दोन वर्षांचा, इंग्रजीतून, ट्यूशन फी नाही, पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा निबंध), शिफारसपत्रं यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मन शेफिल्डकडं होतं. एका वर्षात आटपून कमवायला लागता येतं, आणि भाषेची कटकट नाही. फी रुपयांत तीस लाखांच्या पुढं, वर नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवायचा. बाबा म्हणाले, "शेती हाय की आपली."

शेती म्हणजे करवीर तालुक्यातला दोन एकर ऊस. बँकेतल्या साहेबांनी सातबारा, आठ-अ, फेरफार मागितले. दिले. बारा दिवसांनी दुसऱ्या साहेबांनी तेच कागद परत माझ्या हातात दिले. "शेतजमीन तारण चालत नाही." का, ते सांगितलं नाही. मी घरी येऊन वाचून काढलं: कर्ज थकल्यावर बँक ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं तारण ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागूच होत नाही. एका वाक्याची गोष्ट. ती पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

मग मंगळवार पेठेतलं घर. प्रॉपर्टी कार्डावर नाव आजोबांचं, आणि आजोबांना जाऊन नऊ वर्षं झालेली. वारसनोंदीचा अर्ज टाकला. त्यात संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ते कुणासाठी कमी होत नाहीत, त्याचा मला राग नाही. राग आहे तो बँकेच्या "फाईल वर गेलीय" या तीन शब्दांचा. वर म्हणजे कुठं, कुणाकडं, कधी खाली येणार? एकदा फाईल खरंच खाली आली, तर शेरा काय: मृत्यूच्या दाखल्यावर आजोबांच्या नावात 'राव' आहे, कार्डावर नाही. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. केलं. मग पॅनेलवरच्या वकिलांचा मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. मग व्हॅल्युएशन. मग जुन्या घराचा मंजूर नकाशा मागितला, जो गल्लीत कुणाकडंच नाही. इकडं शेफिल्डचं डिपॉझिट भरायची तारीख महिन्यावर आलेली, आणि डिपॉझिटशिवाय कॅस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र, निघत नाही. प्रत्येक विद्यापीठाला शेवटची तारीख असते. बँकेला नसते.

शेवटी वकील म्हणाले, वारसांत तुमच्या बाबांच्या बहिणीचंही नाव लागलंय, त्यांचं हक्कसोडपत्र घ्या, काम सोपं होईल. मसुदाही त्यांनीच टाईप करून दिला.

आत्ती गडहिंग्लजला असते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. बाबा तिला फोन लावायचे आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मीच एसटीनं गेले आणि कागद पुढं ठेवला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, मसुद्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका पेननं सुधारल्या आणि म्हणाली, "सही करतो की. पण तुझ्या बाला तोंड न्हवतं व्हय विचारायला?"

ती आनंदानं सही करणार होती, तेच मला नको झालं. माझ्या एका वर्षाच्या कोर्सपायी तिनं वडिलांच्या घरातला हिस्सा सोडायचा? मसुदा तसाच पिशवीत घालून परत आले. रात्री पहिल्यांदा फ्रायबेर्गचा हिशोब नीट मांडला. ब्लॉक्ड अकाउंटला (जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) तेव्हा ११,२०८ युरो लागायचे, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. (पुढं सप्टेंबर २०२४ पासून ते ११,९०४ झाले. निघताना आकडा परत बघा.)

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले असताना कॅश काउंटरचा एक पोरगेलासा क्लार्क चहा घेऊन जाता जाता म्हणाला, "मॅडम, साडेसात लाखांपर्यंत मिळकत तारण लागतच नाही. चार लाखांच्या वर फक्त जामीनदार." सात आठवडे मी तिथं बसत होते! बाकीचे अडीच-तीन लाख माझ्या बचतीतून आणि उसाच्या बिलातून होत होते. शेफिल्डला त्याच संध्याकाळी नकार कळवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

जामीनदार आत्ती झाली. तिची पेन्शन बँकेला लगेच पसंत पडली.

म्हणून सांगते, अर्ज करायच्या आधी घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. आणि बँकेत पहिला प्रश्न हा विचारा की तारणाशिवाय किती मिळेल. तो आकडा कळल्यावर अर्ध्या ऑफर आपोआप गळतात. एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याच्या दाखल्याचं, सांगायचं राहिलंच: नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला ते लागतं, १८,००० रुपये आणि काही आठवडे बाजूला ठेवा. ब्रिटनला जाणारे स्वतःच्या खात्यातून पैसे दाखवणार असतील, तर ती रक्कम सलग २८ दिवस खाली येता कामा नये. बहिणीच्या लग्नाचे पैसे त्याच खात्यातून काढू नका.

अजून एक. मंजुरीपत्र हातात आलं तर त्यावर 'फ्रायबुर्ग' छापलेलं. ते गाव वेगळं, राज्यही वेगळं. तिकडं बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. एका अक्षरासाठी अजून चार दिवस त्याच खुर्चीवर. स्पेलिंग काउंटर सोडायच्या आधी वाचा.

हक्कसोडपत्राचा मसुदा अजून बाबांच्या कपाटात आहे, आत्तीच्या निळ्या पेनच्या खुणांसकट. प्रॉपर्टी कार्डावर आता दोघांचीही नावं आहेत.