डावीकडे कललेलं धुराडं

शनिवारी सुमीचा वाढदिवस. विकतचं काही द्यायचं नाही, हाताने केलेलंच द्यायचं, असा आमचा शाळेपासूनचा नियम. मधली तीसेक वर्षं दोघींनीही तो सोयीस्करपणे विसरून एकमेकींना साड्या, कुकर आणि एकदा तर मिक्सरसुद्धा दिला, ती गोष्ट वेगळी. यंदा मी मनावर घेतलं. मंगळवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरला, कात्री, पट्टी, पेन्सिल, फेव्हिकॉल मांडलं, मधोमध हातकागदाचा एक मोठा ताव ठेवला आणि तासभर त्याच्याकडे बघत बसले.

चांगला कागद माझ्या हातून कापला जात नाही. रद्दी म्हणाल तर रद्दी, ब्राउन पेपर म्हणाल तर ब्राउन पेपर, कचाकच कापीन. पण कागद जरा देखणा असला की कात्री हवेतच राहते. मग मी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडासमोर धरते, 'पुढे कशाला तरी होईल' म्हणते आणि गादीखाली सरकवते. आमच्या घरात गादीखाली पैसे कधीच नव्हते; कागद मात्र दोन पिढ्यांचे आहेत. आलेल्या भेटींचे चमकी कागदही मी फाडत नाही. चिकटपट्टी नखाने हळूहळू सोडवायची, तोवर समोरचा माणूस 'अगं, फाड की' म्हणत ताटकळणार. त्याला कुठे माहीत असतं, की मला आतल्या वस्तूपेक्षा बाहेरच्या कागदात जास्त रस आहे!

हा ताव शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला, आणून चार वर्षं झालेला. 1940 पासून तिथे हाताने कागद करतात. तोही लाकडाचा नाही, चिंध्यांचा. गंजीफ्रॉकच्या कापडाच्या पांढऱ्या कतरणी कुटून लगदा करायचा, तो हौदाच्या पाण्यात कालवायचा, जाळीची चौकट बुडवून वर उचलायची, आणि पाणी निथळताना ती अशी हलवायची की धागे चारी दिशांना पसरले पाहिजेत. घावन घालणाऱ्या बाईला ही मनगटाची गंमत वेगळी सांगावी लागणार नाही. मग तो ओला ताव कापडावर उतरवायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचा. माझ्या तावात वर झेंडूच्या पाकळ्याही आहेत.

धागे चारी दिशांना गेल्यामुळे हातकागदाला उभं-आडवं नसतं. मशीनच्या कागदाला असतं, कापडासारखंच. कार्डशीटची घडी एका बाजूने सुरेख पडते आणि दुसऱ्या बाजूने घातली की कण्यावर तडकून पांढरे तंतू बाहेर येतात, ते याचमुळे. शंका आली तर कोपऱ्याचा चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करायचा. तो ज्या दिशेने नळी होऊन वळेल, ती नळी जशी पडेल तसा कागद उभा. कार्यानुभवाच्या तासाला हे कोणी सांगितलं नाही. आम्ही आपल्या घड्या तडकवत राहिलो आणि वर 'हात स्वच्छ नाहीत' म्हणून गुण गमावत राहिलो.

तर हा असा बिनहट्टी कागद. कशीही घडी घाला, ऐकतो. पण घेताना तिथे मनात आलं की संविधानाची हिंदीतली हस्तलिखित प्रत ज्या कागदावर आहे, तोही पुण्यातच असा हाताने झाला होता. हे आठवल्यावर कात्री चालेल का कोणाची? ज्या घराण्याच्या कागदावर देशाने स्वतःची घटना लिहून घेतली, त्याच्यावर मी काय कापणार, फुलपाखरू?

फुलपाखरूच कापायचं असतं, हेही खरं. क्विलिंगची लाट आली होती तेव्हा तीन मिलिमीटरच्या पट्ट्या गुंडाळून मी अडीच तासांत एक पाकळी केली होती. त्या वर्षी कोथरूडमध्ये एकही कान कागदी डुलाशिवाय राहिला नव्हता. सगळ्या बायका पावसाला घाबरून असायच्या.

एकूण ताव गादीखाली परत गेला. त्याऐवजी काही हलकंसलकं मिळतं का बघायला मी काळी ट्रंक उघडली. तिच्यात जुन्या लग्नपत्रिका असतात. त्यांचे गणपती कापून घ्यायचे असतात, म्हणून त्या टाकायच्या नसतात. गणपती कापून झाल्यावर उरलेला पुठ्ठा चांगला असतो, म्हणून तोही टाकायचा नसतो. पत्रिकांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, ते कार्ड सापडलं.

1979. आम्ही पाचवीत. सदाशिव पेठेतल्या एकाच वाड्यात, ती जिन्याच्या वर आणि मी जिन्याच्या खाली. सुमीचा वाढदिवस दिवाळीच्या मागेपुढे येतो, त्यामुळे वाड्यात आधीच आकाशकंदिलांचं प्रकरण चाललेलं असायचं. कामट्या तासणं पुरुषांकडे, घोटीव कागद आणि बेगड मोठ्या मुलांकडे, आणि 'हात लावू नका' आमच्याकडे. खळ आई शिजवायची. कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर घोटायची, चकाकी आली की उतरवायची आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या भांड्याला लाल दोरा बांधलेला असे, चुकून कोणी त्यात दूध तापवू नये म्हणून. गार झालेल्या खळीचा तो आंबूस वास आला की दिवाळी आली. उटण्याबिटण्याचं नंतर.

मी सुमीसाठी फुलराणी करायला घेतली. पेशवे पार्कातली, 1956 पासून धावणारी. आमच्या लेखी पुण्यात तेवढी एकच गाडी होती. स्टेशनवरच्या गाड्या म्हणजे गावाला जायच्या. कार्ड उघडलं की इंजिन उभं राहिलं पाहिजे, मागे तीन डबे. युक्ती सोपी असते: घडीवर दोन चिरा द्यायच्या, मधली पट्टी आत ढकलायची, पायरी तयार होते, तिच्यावर इंजिन चिकटवायचं. आमची कात्री बोथट होती. आईची कापडाची कात्री शिवणाच्या मशीनवर नुसतीच पडली होती.

ज्यांच्या घरी शिवण होतं त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. कापडाची कात्री कागदाला लावणं हा आमच्याकडे चोरीच्या वरचा आणि खोटं बोलण्याच्या किंचित खालचा गुन्हा होता. मी धुराडं कापत असताना आई मागे येऊन उभी राहिली. तिने फक्त माझं नाव घेतलं. कात्री सरकली आणि धुराडं डावीकडे कललं ते कललंच. दुसरा कागद नव्हता. सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून मी ते सजवलं. कललेलंच, पण चकचकीत. वर लिहिलं: 'प्रिय सुमीस.'

माझा वाढदिवस मार्चमध्ये. 1980 च्या मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, सुमी जिना उतरून खाली आली आणि तिने मला एक पाकीट दिलं. मी उघडलं. आतून फुलराणी उभी राहिली, डावीकडे कललेल्या धुराड्याची. वर कागदाची एक चिठ्ठी नीट चिकटवलेली: 'प्रिय मंदास.'

"रात्री जागून केलंय," सुमी म्हणाली.

मी म्हणाले, "किती छान!"

का म्हणाले, देव जाणे. तिची आई जिन्यात उभी होती, ते एक. आणि आम्ही पुण्यातल्या. भांडायचं तर मुद्दा लागतो, आणि मुद्दा मांडायचा तर कात्रीपासून सुरुवात करावी लागली असती. ते प्रकरण घरात नुकतंच मिटलं होतं. मग पंचेचाळीस वर्षं हा विषय निघाला नाही. तिच्या लग्नात मी रुखवतासाठी कागदी तुळशीवृंदावन केलं, तेव्हा ते हातात घेऊन तिने वळवून वळवून पाहिलं आणि म्हणाली, "तुझा हात पहिल्यापासूनच साफ." मी तिच्याकडे टक लावून पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही.

मंगळवारी मी ते कार्ड चहाच्या आधणावर धरलं. तिनेही खळच वापरली होती, बहुधा आमच्याच कंदिलातली उरलेली. वाफ लागल्यावर चिठ्ठीचा कोपरा मुकाट सुटला आणि खालून माझा 'सु' दिसला. पोथ्या दुरुस्त करणारे लोकही खळीसारखीच स्टार्चची पेस्ट वापरतात, लावलेलं पुढे कधी काढता आलं पाहिजे म्हणून. चिठ्ठी पूर्ण काढली असती तर माझं काम तिथेच झालं असतं. पण मग तिचं 'मंदास' गेलं असतं, आणि अक्षर तिचं पाचवीतलं, 'द'ला शेपूट. कोपरा मी परत दाबून बसवला.

मग चष्मा लावून डबे पाहिले. दुसऱ्या डब्याच्या खिडकीत पेन्सिलने काढलेल्या दोन मुली आहेत, दोघींना दोन-दोन वेण्या. त्या मी काढल्या असतील तर मला आठवायला हवं. आणि तिने काढल्या असतील, तर 'रात्री जागून केलंय' हे अगदीच खोटं नव्हतं. खूप वेळ पाहिलं. रेघ कोणाची ते कळेना. पेन्सिलीची रेघ पंचेचाळीस वर्षांनी कोणाचीही दिसते.

लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा पांढरा तुकडा घेतला. तो बिनदिक्कत कापला गेला. त्याच्यावर लिहिलं, 'प्रिय सुमीस', आणि तिच्या चिठ्ठीवर बरोब्बर बसेल एवढा केला. धुराडं सरळ करावंसं वाटलं क्षणभर, केलं नाही. टेबलावरचा फेव्हिकॉल उचलून ठेवला आणि गॅसवर दोन चमचे कणकेची खळ चढवली, मोरचूद न घालता. मुलगी ऑफिसमधून आली, भांड्यात डोकावली आणि म्हणाली, "आई, फेव्हिकॉलने दोन मिनिटांत झालं असतं ना!"

झालं असतं. पण फेव्हिकॉल निघत नाही, आणि माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो.