मेंढीकोट: मेंढी वाचवायची कशी आणि पकडायची कशी

मेंढीकोट हा पत्त्यांचा, चौघांचा खेळ. समोरासमोर बसतात ते भिडू. 52 पानांचा कॅट घ्यायचा, जोकर काढून ठेवायचे. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि खाली दुर्रीपर्यंत. चारही दश्श्या म्हणजे मेंढ्या. तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीकडे, तिने डाव जिंकला. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात, आणि ज्याचं पान वरचढ तो हात त्याचा. एकूण 13 हात असल्यामुळे सात करणारी जोडी जिंकते, बरोबरी होऊच शकत नाही. चारही मेंढ्या एकाच जोडीने नेल्या की समोरच्यांवर कोट. तेराच्या तेरा हात केले तर त्याहून मोठा, बावन्न पानांचा कोट.

पानं वाटायची ती उजवीकडून, आधी पाच-पाच, मग चार-चार असं दोनदा. एखाद्याला बारा किंवा चौदा पानं आली तर डाव मोडून पुन्हा पिसा. पानं हातात लावताना इस्पिक, बदाम, किलवर, चौकट अशी एक काळी एक लाल ठेवा. बदाम आणि चौकट शेजारी आले की घाईत चूक होते, उतारीचं, म्हणजे त्या हातात पहिल्यांदा उतरलेल्या प्रकाराचं, पान जवळ असून दुसरंच पडतं. ही चूक पकडली गेली की बहुतेक ठिकाणी डाव सरळ समोरच्यांना देतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्या एका पानाने पुढचा सगळा हिशेब खोटा ठरतो.

पिसणाऱ्याच्या उजवीकडचा पहिली उतारी करतो. ज्या प्रकाराचं पान उतरलं, तेच प्रत्येकाने टाकायचं. नसेल तरच दुसरं. हुकूम म्हणजे बाकी सगळ्या प्रकारांवर भारी पडणारा प्रकार. उतारीचं पान नसताना हुकूम टाकणं म्हणजे कापणं. हुकूम ठरवायच्या दोन रीती आहेत. कट हुकमात सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्याच्याकडे उतारीचं पान पहिल्यांदा संपतं, तो जे पान टाकेल तोच प्रकार डावभर हुकूम. बंद हुकमात पिसणाऱ्याच्या उजवीकडचा आपल्या हातातलं एक पान उपडं ठेवतो, त्याचाच प्रकार हुकूम. कुणाकडे उतारीचं पान नसलं की तो हुकूम उघडायला सांगू शकतो, आणि उघडल्यावर ते पान मालकाच्या हातात परत जातं. उघडायला लावणाऱ्याकडे हुकूम असेल तर त्याने टाकलाच पाहिजे की नाही, याबाबत प्रत्येक घरची रीत वेगळी. म्हणून ही एक गोष्ट पहिल्या डावाआधी बोलून घ्या. मेंढीकोटातली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

आता खरा खेळ. दश्शी पाचव्या नंबरावर आहे. तिच्या वर एक्का, राजा, राणी, गुलाम अशी चार पानं, म्हणजे ती स्वतःच्या जोरावर हात करेल ही आशा सोडून द्या. वरची चारही पानं पडेपर्यंत कुणीतरी कापतोच. मेंढी आपल्याकडे येते ती मुख्यतः तीन वाटांनी: भिडूच्या हातावर त्याच प्रकारातून चढवून, भिडूच्या हातावर दुसऱ्या प्रकारातून टाकून, किंवा मेंढी स्वतःच हुकूम असेल तर तिनेच कापून.

यातली पहिली वाट सगळ्यात जास्त चालते. भिडूने इस्पिकचा एक्का उतरवला, तुमच्याकडे इस्पिकची मेंढी आहे, मधल्याने छक्की टाकली. आता तुमच्यानंतर फक्त एक गडी उरला. पहिल्याच फेरीत त्याच्याकडे इस्पिक नसेल असं क्वचितच घडतं, तेव्हा मेंढी लगेच चढवा. दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवली तर कापणारा तोवर तयार होतो. याला अपवाद एकच: तुमच्याच हातात इस्पिकची सहा-सात पानं असतील तर बाकीच्या तिघांकडे ती थोडीच आहेत, आणि शेवटचा गडी पहिल्याच फेरीत कापण्याची भीती खरी आहे.

चौथ्या जागेवरून हात भिडूचा दिसत असेल तर अजिबात थांबू नका, तुमच्यामागे कुणीच नाही. हुकूम ठरलेला असेल आणि उतारीचं पान तुमच्याकडे नसेल, तर दुसऱ्या प्रकाराची मेंढीही इथेच टाकून मोकळे व्हा. आणि कट हुकमात चौथ्या जागेवर पहिल्यांदा कापायची संधी आली, तर याहून चांगलं काही नाही. किलवरची उतारी, तुमच्याकडे किलवर नाही, तुम्ही बदामची मेंढी टाकली. बदाम हुकूम झाला, हात तुमचा झाला आणि मेंढीही आत आली. तेच दुसऱ्या जागेवरून करताना विचार करा, कारण मागच्या एखाद्याकडेही किलवर नसेल आणि बदामचा गुलाम असेल तर मेंढी त्याची.

मेंढी जाते ती बहुतेक वेळा सोबतीची पानं उधळल्यामुळे. मेंढीबरोबर तिर्री आणि पंजी असेल तर समोरच्यांनी एक्का-राजा लागोपाठ काढला तरी त्या दोघी पडतात आणि मेंढी वाचते. तिसऱ्या फेरीपर्यंत कुणीतरी कापायला तयार झालेला असतो, त्यामुळे समोरचेही तो प्रकार पुन्हा काढताना कचरतात. पण दुसऱ्या कुठल्या हातावर ती तिर्री 'फालतू पान' म्हणून टाकली, की मेंढी उघडी पडली. नवीन खेळणारे हेच करतात. लहान पान टाकायची वेळ आली की जिथे मेंढी नाही त्या प्रकारातलं टाका. मेंढीखालून लहान पानाची उतारीही टाळा. त्यात सोबतही जाते आणि हातही जातो.

याच गोष्टीचा उलटा उपयोग समोरच्यांची मेंढी पकडायला होतो. तुमच्याकडे चौकटचा एक्का-राजा आहे आणि मेंढी दिसलेली नाही, तर दोन्ही लागोपाठ काढा. मेंढी भिडूकडे असेल तर तो चढवेल, समोरच्यांकडे एका सोबतीने असेल तर दुसऱ्या फेरीत पडेलच. मात्र चौकटची पाच-सहा पानं तुमच्याकडेच असतील तर राजावर हुकूम पडू शकतो, तेव्हा एक्क्यावर थांबा.

कट हुकमात उतारीलाच हुकमाची तयारी करता येते. एखाद्या प्रकाराचं एकच पान आणि दुसऱ्याची पाच पानं असतील, तर ते एकटं पान आधी काढा. भिडूला हात मिळाल्यावर त्याने तोच प्रकार परत उतरवायचा, मग तुम्ही लांब प्रकारातल्या दुर्रीने कापून आपल्या सोयीचा हुकूम करता. बोलणं आणि खुणा वर्ज्य असल्या तरी भिडूच्या उतारीला उतारीनेच उत्तर देणं, हे या खेळातलं खरं संभाषण. बंद हुकमातही लांब प्रकारच लपवावा, पण त्यातलं लहान पान. एक्का लपवला तर हुकूम उघडेपर्यंत तो उपड्यात अडकून पडतो.

हुकूम तुमच्याकडे जास्त असतील तर हुकमाचीच उतारी करून समोरच्यांचे संपवा, मग तुमच्या एक्क्या-राजांवर भिडू निर्धास्तपणे मेंढ्या टाकतो. हुकूम थोडे असतील तर ते कापायलाच राखा. आणि दोन मेंढ्या इकडे, एक तिकडे, एक बाकी अशी स्थिती असेल तेव्हा हात मोजत राहा. बाकीची मेंढी गेली तरी सात हात पुरले तर डाव तुमचाच.

पिसणी, म्हणजे पिसून वाटायची पाळी, कुणावर, याचाही नियम आहे. पिसणाऱ्याची जोडी हरली तर पिसणी त्याच्यावरच राहते, जिंकली तर उजवीकडच्यावर जाते. तेराही हात गमावले तर पिसणी त्याच्या भिडूवर. सहा जण जमले तर चारही दुर्‍या काढा, 48 पानं उरतात, प्रत्येकी आठ. एक सोडून एक असे तिघे-तिघे भिडू बसवा. प्रत्येक हातावर सहा पानं पडतात आणि एकेका प्रकाराची बाराच असतात, त्यामुळे कापाकापी फार लवकर सुरू होते. पहिल्या फेरीत मेंढी चढवतानाही मागे किती गडी उरलेत ते मोजा.