बजेट पास झालं की नाही ते मोजून सांगा ना

मार्च आला की टीव्हीवर अर्थमंत्र्यांचं भाषण, मधेच एखादी कविता, मग कुठल्या जिल्ह्याला काय मिळालं त्याची पट्टी, आणि दुसऱ्या दिवशी सगळे विषय विसरतात. पण भाषण झालं म्हणजे बजेट पास झालं असं नसतं हो. त्यानंतर एकेका खात्याच्या खर्चाच्या मागण्या येतात, त्यावर चर्चा (बऱ्याचदा न होता), आणि सगळ्यात शेवटी विनियोजन विधेयक, आणि हे विधेयक मंजूर झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपया काढता येत नाही. म्हणजे सरकार टिकतंय की जातंय हे खरं तर या शेवटच्या मतदानात कळतं. आणि नेमकं तेच मतदान आपल्याकडे "होय म्हणणारे? नाही म्हणणारे? होयचं बहुमत आहे" असं अर्ध्या मिनिटात उरकतात. मला याचा मनापासून राग येतो, आणि का येतो ते उत्तराखंडच्या उदाहरणावरून सांगते.

१८ मार्च २०१६, डेहराडून. हरीश रावत मुख्यमंत्री, ७० निवडून आलेल्या आमदारांच्या सभागृहात काँग्रेसचे ३६ आणि भाजपचे २८. त्या दिवशी विनियोजन विधेयक मतदानाला आलं आणि काँग्रेसचेच ९ आमदार, त्यात माजी मुख्यमंत्री विजय बहुगुणा आणि त्या वेळी मंत्री असलेले हरकसिंग रावत, भाजपबरोबर उभे राहिले आणि म्हणाले आवाजी मतदान नको, मतविभागणी घ्या, डोकी मोजा. अध्यक्ष गोविंदसिंह कुंजवाल यांनी मोजली नाहीत, आवाजी मतदानाने विधेयक मंजूर असं जाहीर केलं. त्याच रात्री हे बंडखोर भाजप आमदारांबरोबर राज्यपालांकडे गेले.

आता बघा यातून काय झालं. केंद्र सरकार म्हणालं विधेयक पडलं होतं, पडलेलं विधेयक अध्यक्षांनी पास दाखवलं. रावत म्हणाले अध्यक्षांनी पास जाहीर केलंय, विषय संपला. दोघंही छातीठोकपणे बोलत होते कारण कोणाकडेच आकडा नव्हता! मोजलंच नव्हतं तर खोटं कोणाला पाडणार. राज्यपाल के. के. पॉल यांनी २८ मार्चपर्यंत बहुमत सिद्ध करायला सांगितलेलं, तर २७ मार्चलाच राष्ट्रपती राजवट लागली, आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी त्या ९ जणांना अपात्र ठरवलं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, त्यांना व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मतदान केलं म्हणून अपात्र करता आलं नाही, कारण मतांची नोंदच नाही, मग पक्षांतरबंदी कायद्यातलं "स्वतःहून पक्ष सोडला" हे दुसरं कलम लावावं लागलं.

१ एप्रिलपासून राज्याचा खर्च कशातून करायचा हा प्रश्न होताच. विधानसभा निलंबित, विधेयकावर वाद. शेवटी केंद्राने लेखानुदानाचा, म्हणजे पूर्ण बजेट मंजूर होईपर्यंतच्या तात्पुरत्या खर्चाचा, अध्यादेश काढला. म्हणजे उत्तराखंडच्या लोकांच्या पैशाचा निर्णय त्यांच्या सभागृहाबाहेर झाला.

ज्यांनी मार्चअखेर सरकारी ऑफिसात काढलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. "बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) ग्रँट आली का?" हा एकच प्रश्न आठवडाभर चालू असतो, क्लार्क रात्री उशिरापर्यंत बिलांचे गठ्ठे घेऊन बसलेले, कोषागारात ऑब्जेक्शन लागलं की परत धावपळ, कारण ३१ तारीख उलटली की न काढलेली तरतूद गेली. आणि नव्या वर्षाचं बजेट किंवा निदान लेखानुदान मंजूर नसेल तर १ एप्रिलला नवीन काहीच येत नाही, पगार, शिष्यवृत्ती, हॉस्पिटलची औषधं, सगळंच अडकतं. वर सभागृहात जो खेळ चालतो त्याची किंमत खाली अशी मोजावी लागते.

उत्तराखंडचं पुढे असं झालं की २१ एप्रिलला हायकोर्टाने राष्ट्रपती राजवट रद्द केली, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि मग कोर्टानेच १० मे ला बहुमत चाचणी घ्यायला लावली. तेवढ्या मतदानापुरती राष्ट्रपती राजवट बाजूला ठेवली. ९ अपात्र आमदार बाहेर, उरलेल्यांची मतं मोजली, ३३ विरुद्ध २८, रावत जिंकले. जवळपास दोन महिने राज्य टांगणीला आणि शेवटी काय केलं तर मोजलं. जे १८ मार्चला जागच्या जागी करता आलं असतं. सरकार पडलं असतं कदाचित, तर पडू द्यायचं होतं, बजेट नामंजूर झालं की सरकारने जायचं असतं ही पद्धत उगाच नाही.

बंडखोर साधू होते असं अजिबात नाही म्हणायचं मला, पण मतविभागणीची मागणी त्यांची बरोबरच होती.

हिमाचलमध्ये २०२४ ला जरा वेगळा प्रकार. २७ फेब्रुवारीला राज्यसभेच्या निवडणुकीत काँग्रेसच्या ६ आमदारांनी भाजपच्या हर्ष महाजन यांना मतं दिली, ३४-३४ बरोबरी, आणि चिठ्ठी टाकून काँग्रेसचे उमेदवार अभिषेक मनू सिंघवी हरले. दुसऱ्याच दिवशी बजेट पास करायचं होतं. अध्यक्ष कुलदीपसिंह पठानिया यांनी सकाळीच विरोधी पक्षनेते जयराम ठाकूर यांच्यासकट भाजपचे १५ आमदार निलंबित केले, २५ पैकी १५! मग बजेट आवाजी मतदानाने पास, अधिवेशन संपलं. २९ तारखेला ते ६ जण अपात्र, कारण बजेटच्या वेळी हजर राहायचा व्हिप होता आणि ते आले नाहीत. त्यांना अपात्र ठरवणं मला नियमाला धरून वाटतं. पण विरोधी बाकं रिकामी करून बजेट पास करणं मला पटत नाही, मग सरकार कोणाचंही असो.

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत. मार्च २०१७ आठवतोय का, सुधीर मुनगंटीवार यांचं बजेट, कर्जमाफीसाठी विरोधकांच्या घोषणा, विधानभवनाबाहेर बजेटच्या प्रती जाळल्या, आणि २२ मार्चला काँग्रेस-राष्ट्रवादीचे १९ आमदार थेट ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित. तेव्हा २८८ मध्ये भाजपचे १२२, सरकारमध्ये असलेली शिवसेना कर्जमाफीवरून रोज डोळे वटारत होती, त्यामुळे ऐनवेळी सेनेने दगा दिला तर बजेट पडू नये म्हणून हे निलंबन केलंय असं विरोधक उघड बोलत होते. २८८ मधून १९ गेले की बहुमताचा आकडा १४५ वरून १३५ वर येतो. नंतर निलंबन टप्प्याटप्प्याने मागे घेतलं. जूनमध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि मग त्याच सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली.

म्हणून माझी मागणी साधी आहे, विनियोजन विधेयकावर कोणी मागो न मागो, दरवर्षी नावानिशी मतदान घ्या आणि कोण हजर, कोण गैरहजर, कोणी काय मत दिलं ही यादी त्याच संध्याकाळी विधिमंडळाच्या वेबसाइटवर टाका. आणि बजेटवर मतदान होईपर्यंत कोणाला निलंबित करायचं असेल तर त्या दिवसापुरतं करा, मतदानाला त्याला आत बसू द्या. वेळ जातो म्हणतात, २८८ माणसं मोजायला किती वेळ लागतो?