आईची ड्युटी

आज सुट्टी होती, म्हणून आईसोबत अंगणवाडीत लसीकरणाला गेले. मी आयसीयूत नर्स, ती आरोग्य उपकेंद्राची एएनएम, म्हणजे गावोगावची नर्स. पेशा एकच, पण तिला काम करताना इतक्या जवळून आजच पाहिलं.

गोवर-रुबेलाची कुपी तयार करताच तिने वर वेळ लिहिली, म्हणजे 4 तासांनंतर चुकूनही वापरली जाऊ नये. दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरची एकच लस), आणि बाळाने भोकाड पसरायच्या आत सुई बाहेर! काय हात आहे तिचा! लगेच आजीला बजावलं, "ताप आला तर घाबरायचं नाही. आणि अर्धा तास इथंच बसायचं बरं का." गावातल्या कुठल्या बाळाचा कुठला डोस राहिलाय, सगळं तोंडपाठ.

रात्री जेवताना तिने मला व्हेंटिलेटरबद्दल खोदून खोदून विचारलं. ताटं सुकली, तरी आम्ही बोलतच होतो.