पुरवून वापरलेले इन्सुलिन

त्या सोमवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास एका सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी हातांवर उचलून आमच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात आणले. तिचा श्वास खोल आणि वेगाने चालला होता, जीभ कोरडी पडली होती आणि तोंडाला अतिपिकल्या फळासारखा वास येत होता. इन्सुलिन कमी पडले की शरीर चरबी जाळते आणि त्यातून किटोन नावाची आम्ले तयार होतात; ती रक्तात साचल्याची शंका या वासावरूनच येते, आणि लघवीच्या तपासणीने ती खरी ठरली. रक्तातील साखर ५४० होती. तिला नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह होता. या आजारात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, त्यामुळे रोजच्या इंजेक्शनांवरच जीव अवलंबून असतो.

सलाईन आम्ही लगेच लावले, पण इन्सुलिन सुरू करता येईना. इन्सुलिनमुळे रक्तातले पोटॅशियम पेशींमध्ये शिरते. ते आधीच कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडून रुग्ण दगावू शकतो, म्हणून ३.५ पेक्षा कमी असल्यास आधी पोटॅशियम भरून काढावे लागते. ही साधी तपासणी आहे. आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रही चालू होते, मात्र त्याला लागणारे रसायन बारा दिवसांपूर्वी संपले होते आणि खरेदीची फाइल मंजुरीसाठी फिरत होती. वडिलांच्या हाती नमुना देऊन, "दादा, हे बाहेरच्या लॅबमध्ये द्या, पैसे भरावे लागतील," असे सांगताना मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवले नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन तास मी तिच्या ईसीजीवर नजर ठेवून होते. त्यातल्या टी लहरी चपट्या होत चालल्या होत्या, म्हणजे पोटॅशियम कमी असण्याची शक्यता होती. अंदाजाने इन्सुलिन सुरू करावे का, हा विचार मनात अनेकदा येऊन गेला. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ३.१ आले, आणि थांबले हे बरे झाले, या जाणिवेने हात थरथरले. पोटॅशियम दिल्यावर दुपारी उशिरा इन्सुलिन सुरू झाले. तेही वॉर्डच्या फ्रिजमध्ये सिस्टरांनी अशा वेळेसाठी जपून ठेवलेल्या शेवटच्या वायलमधून, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीतून.

ही वेळ का आली, ते दुसऱ्या दिवशी कळले. ती शुद्धीवर होती, बोलत होती. उशाशी तिची साखरेच्या नोंदींची वही होती. मी सहज चाळली आणि इन्सुलिनच्या युनिटांच्या रकान्यावर थांबले. महिन्यापूर्वी दिवसाचे ३६ युनिट होते, मग ३०, मग २४, आणि शेवटच्या आठवड्यात १४. मी विचारले, तेव्हा तिने आधी वडील जवळपास नाहीत ना, हे पाहिले.

"मॅडम, इथल्या औषधाच्या खिडकीवर दोन महिने इन्सुलिन नव्हतं. बाबांनी उसने पैसे काढून एक वायल आणली होती. ती पुरवायची होती."

मला तिच्यावर रागावता येईना. औषधाच्या खिडकीवर दोन वेळा तिच्या केसपेपरवर "उपलब्ध नाही" असा शिक्का बसला होता, आणि त्या शिक्क्याखाली सही करून "बाहेरून घ्यावे" असे लिहिणारी मीच होते. मी या रुग्णालयात आले तेव्हा नेहमीच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा हाताशी ठेवण्याची पद्धत होती. ती कधी मोडली, हे कोणी जाहीर केले नाही. रिक्त पदे भरली गेली नाहीत, तपासण्यांचे शुल्क दर काही वर्षांनी वाढले, खिडकीवरची यादी आखूड होत गेली, आणि आम्हीही "बाहेरून" हा शब्द सवयीने लिहू लागलो. त्या सवयीची मला आज लाज वाटते.

इन्सुलिन काही नवे किंवा दुर्मिळ औषध नाही. टोरांटोमध्ये १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले, आणि पुढच्याच वर्षी ते शोधणाऱ्यांनी आपले पेटंट प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७७ च्या पहिल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते होते. तरीही आमच्या खिडकीवर ते नव्हते, आणि त्यातून वाचलेला पैसा कोणाचाच वाचला नाही. मुलगी चार दिवस अतिदक्षता विभागात राहिली. त्या चार दिवसांत रुग्णालयाने खाट, मॉनिटर, रात्रपाळीच्या परिचारिका आणि तासातासाच्या तपासण्यांवर जे खर्च केले, त्यात तिला कित्येक महिन्यांचे इन्सुलिन देता आले असते. वडिलांची चार दिवसांची मजुरी बुडाली, ती वेगळीच. सुमारे २०० कोटी लोक उपचारांच्या खर्चापायी आर्थिक ओढाताणीत आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेने २०२३ मध्ये मांडले होते. ते वाचताना आकडा म्हणून वाचले होते. आता त्यात मला ती वही दिसते.

पाचव्या दिवशी तिला घरी सोडायचे ठरले. खिडकीवर अजूनही इन्सुलिन आले नव्हते. मी वरिष्ठांना लेखी कळवले, वहीतल्या त्या पानाची प्रत जोडली आणि दुसऱ्या एका रुग्णालयातील सहकाऱ्याकडून दोन वायल मागवून घेतल्या. डिस्चार्ज कार्डावर डोस लिहून मी तिला समजावत होते, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "मॅडम, पुन्हा संपत आलं, तर कमीत कमी किती घेतलं तर चालेल?"

मी माझा फोन नंबर कार्डाच्या मागे लिहून दिला आणि संपण्याच्या दहा दिवस आधी फोन करायला सांगितले.