मिंधेपण

आषाढी करून संत गजानन महाराजांची पालखी परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा तिच्यासोबत चालण्यासाठी अवघे वऱ्हाड रस्त्यावर उतरते. वाट जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरची. पालखीतल्या सातशेच्या आसपास वारकऱ्यांनी शेगावाहून पंढरपूर पायी गाठलेले असते. त्यांच्यापुढे आमच्या एका दिवसाच्या चालण्याला वारी म्हणावे की नाही, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

यंदा मी नवे बूट घालून निघालो, हा शहाणपणा नडला. नऊच्या सुमारास उजव्या टाचेला फोड आला आणि मी लंगडत रस्त्याच्या कडेला टेकलो. मागे पऱ्हाटी आणि सोयाबीन, समोर पोहे, केळी, चहा हातात कोंबणारी माणसे. तिथेच निंदणाची मजुरी बुडवून आलेली एक बाई कोमट पाण्याचे घमेले आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसली होती. तिने माझा पाय ओढताच मी तो मागे घेतला.

"काऊन लाजता? हे पाय तुमचे थोडेच हायेत, माउलीचे हायेत!"

कोणाचे मिंधे राहायचे नाही, हे ब्रीद मी आयुष्यभर बाळगले. देणगीच्या पावत्या फाडल्या, भाच्याची फी भरली, पण कोणाच्या घरचा चहासुद्धा परतफेडीचा हिशोब मांडूनच प्यालो. नोकरी, घर, मुलांची शिक्षणे असे सगळे मार्गी लागूनही निवृत्तीनंतर मन रिते का राहते, याचे कारण मी पगारात, तब्येतीत, पत्रिकेतही (हे लिहिताना संकोच वाटतो) शोधले होते. ती बाई फोडाभोवती हलक्या हाताने तेल चोळत असताना मात्र, देणारा म्हणून मी सर्वांपासून वीतभर उंच आणि तेवढाच दूर राहिलो होतो, हे मला प्रथमच जाणवले. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज शेगावात प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातल्या घेण्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

सवयीने माझा हात खिशाकडे गेला. नोट पाहून तिचा चेहरा उतरला, आणि मी ती मुकाट्याने परत ठेवली. मग पिशवीत शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा सापडला. तो पुढे करताच तिने जराही आढेवेढे न घेता घेतला, पदराच्या टोकात बांधला आणि म्हणाली, "पोराले नेतो." पुढच्या क्षणी ती दुसऱ्या कोणाच्या तरी पायाशी वाकली होती.