१९ सामने, ५० गुण आणि पोटात गोळा

काल रात्री (२२ जानेवारी २०२३) इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये आमच्या आर्सेनलच्या एन्केटियाने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ९० व्या मिनिटाला गोल मारला आणि मी एवढा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकांनी फोन केला. नेरूळमध्ये रविवारी रात्री बारा वाजता असं करायचं नसतं, मान्य. पण आर्सेनल ३, युनायटेड २!

निम्मा सीझन झाला. ५० गुण. दुसऱ्या नंबरवरची मँचेस्टर सिटी पाच गुणांनी मागे, तेही एक सामना जास्त खेळून. २००४ नंतर आम्ही लीग जिंकलेली नाही, त्यामुळे आकडेमोड करायला हात शिवशिवतात. पण खरं सांगू? भीती वाटते. सिटीशी लीगमधले दोन्ही सामने अजून बाकी आहेत. आमचा स्ट्रायकर जेसुस वर्ल्डकपमध्ये गुडघा दुखावून बसलाय. त्याच्या जागी एन्केटिया भन्नाट खेळतोय, पण मिडफिल्डर पार्टी किंवा डिफेंडर सलिबा जायबंदी झाला तर कोण? बेंचकडे बघितलं की घाम फुटतो. नवा फॉरवर्ड ट्रोसार्ड आलाय, बरं झालं, पण मिडफिल्डला अजून एक माणूस हवाच. आणि आमचा विंगर साका! पोराला एखादा सामना तरी विश्रांती द्या राव.

युनायटेडवाले आमचे दाजी सकाळपासून ऑनलाइन दिसत नाहीत. ताईला विचारलं, म्हणाली, "बोलू नकोस त्यांच्याशी."